भिवाची ओळ

१८ नोव्हेंबर २०२४
आत्याचं शेत, परंड्याच्या पुढं

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू दे. मी जिवंत आहे, गोजाआत्याच्या शेतातल्या गुरांच्या कोठ्यावर आहे आणि डोकं अजून ठिकाणावर नाही. मोबाईल भिगवणच्या पुलावरून पाण्यात टाकला. फोन केला की रेघ पडते, हे तूच सांगायचीस. कुणी कुणाला लावला ते कंपनीकडं कायमचं राहतं. पत्राची रेघ कुठल्या फाइलीत पडत नाही, म्हणून हे पोस्टाचं पाकीट. मुद्दाम तुझ्या मारुंजीच्या खोलीवर टाकतोय. रहाटणीच्या घरावर पोलिसांची नजर असणार आणि अण्णासाहेबाच्या पोरांचीही. उत्तर आत्याच्या नावानं टाक.

दिवसभर ज्वारीतली पाखरं हाकतो. हातात गोफण असते, पण समोर दादाच दिसतो. वजनकाट्यासमोरच्या टपरीवर चहाचा ग्लास हातात होता म्हणे. चौघांनी कोयते काढले. डोकं वाचवायला त्यानं हात वर केला आणि पहिल्या घावातच बोटं गेली. शवागारात आईला आपण चादर मानेपर्यंतच काढू दिली, आठवतं? खाली दाखवण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं त्यांनी.

त्यातल्या एकाला मी दुसऱ्या दिवशी मोशीत गाठला. पान्यानं आधी गुडघा फोडला, मग जबडा. त्याचे दात डांबरावर पडलेले मी पाहिले. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागलाय माझ्यावर, लागू दे. मला वाईट एवढ्याचंच वाटतं की तोंड उघडायच्या आधी तो बेशुद्ध पडला.

कारण ताई, दादा त्या टपरीवर कधी बसतच नव्हता. स्क्रॅपचा ठेका अण्णासाहेबाच्या हातून सुटून आपल्या दादाला मिळाला, तेव्हापासून तो रोज बसायची जागा बदलायचा. आज कुठं आहे हे फक्त त्याच्या बरोबरच्यांना ठाऊक असायचं. भिवा, बुद्धरत्न, दत्तोबा आणि गणराज. चौघं आपल्या ताटात जेवलेले. यांच्यातल्याच एकानं दादाला दाखवून दिलं.

वकिलांनी तुला पेनड्राइव्ह दिलाय, त्या संध्याकाळच्या सगळ्यांच्या कॉलचा. तू हिंजवडीत पगार घेऊन दिवसभर हेच करतेस ना, ठिपके आणि रेघा? मग एकदा आपल्या घरासाठी कर. कागदावर छापून पाठव, इथं लॅपटॉप नाही. नाव कळलं की पुढचं मी बघतो.

रवी


२६ नोव्हेंबर २०२४
मारुंजी

रव्या,

पुढचं तू काहीएक बघायचं नाहीस. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण तू पत्र अर्धंच वाचतोस. एक भाऊ कोयत्यानं गेला आणि दुसरा कोयता शोधत फिरतोय. आई दोन घास गिळते ते पण तू येशील या आशेवर. दारात गाडी थांबली की उठून बसते. तिला अजून एक चादर मानेपर्यंत उघडून दाखवायची ताकद माझ्यात नाही.

मला राग नाही असं समजू नकोस. ज्यानं दादाला दाखवून दिलं तो समोर आला तर मी त्याचं काय करीन, हे ऑफिसात बसल्या बसल्या माझ्या मनात येतं आणि माझीच मला भीती वाटते. पण नाव सापडलं की ते वकिलांकडे जाईल आणि कोर्टात जाईल. तुझ्याकडे नाही. हे कबूल असेल तरच पुढं वाच.

फाइल सोबत छापली आहे. त्यात जादू काही नसते, साधा मजकूर असतो. माणूस म्हणजे ठिपका, आणि त्या संध्याकाळी दोघांत फोनवर बोलणं झालं असेल तर त्यांच्यामध्ये रेघ. चित्र काढून ठेवलं तर ते प्रोग्रॅमला परत वाचता येत नाही, म्हणून हे जाळं अक्षरांत लिहून ठेवतात. प्रत्येक माणसाला एक ओळ. ओळीतलं पहिलं नाव त्या माणसाचं, आणि पुढं ज्यांच्याशी त्याची रेघ आहे त्यांची.

भिवा सुजित बुद्धरत्न दत्तोबा अण्णासाहेब गणराज
सुजित बुद्धरत्न गणराज
बुद्धरत्न गणराज
दत्तोबा गणराज
अण्णासाहेब गणराज
गणराज

दादाचं, सुजित हे नाव टाइप करताना हात थांबला होता. भिवाचं सगळ्यात आधी टाकलं. नावं घालायला बसले तेव्हा तोच पहिला आठवला. एका हातानं टेम्पो चालवत होता आणि दुसऱ्या हातानं दादाच्या मानेवर स्वतःचा टॉवेल दाबून धरला होता त्यानं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते आणि तो डॉक्टरला शिव्या घालत होता, आत घ्या म्हणून.

मला फक्त एवढंच कळव की माणसं बरोबर आहेत का, कुणी राहिलंय का. अर्थ काढत बसू नकोस. कुणाचा फोन कधी झाला ते यात नाही, ते मी अजून लावतेय. ही फाइल वाचायचं काम प्रोग्रॅमचं आहे, तुझं नाही.

आत्याला त्रास देऊ नकोस. अंगात गरम कपडे घाल.

ताई


३ डिसेंबर २०२४
कोठ्यावरून

ताई,

वाचली. प्रोग्रॅमला जे वाचता येतं ते मला येत नाही, असं तुला वाटत असेल तर तू हिंजवडीला जाऊन फार मोठी झालीस. आयटीआयला ड्रॉइंग वाचून पास झालोय मी.

पहिल्या ओळीकडं बघ. नुसती बघ. भिवा, आणि त्याच्यापुढं सगळेच्या सगळे. दादाला फोन, बुद्धरत्नला फोन, दत्तोबाला फोन, आणि मधेच अण्णासाहेब. टेम्पो हाकणाऱ्या माणसाची अण्णासाहेबाशी सोयरीक कसली? आता सगळ्यात खालची ओळ बघ. गणराज. पुढं एक नाव नाही. त्यानं त्या संध्याकाळी कुणालाच लावला नाही. सगळ्यांनी त्याला लावलेत. अण्णासाहेबानंही लावलाय, ते मला ठाऊक आहे. ठेका सोडा नाहीतर बघून घेईन असं धमकावलं होतं त्याला, हे गणराजनं मला तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे तोच एक स्वच्छ निघाला.

आणि तो टॉवेल, तो टेम्पो. मला तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं. मारणारे पळाले आणि हा लगेच टेम्पो घेऊन हजर? ज्याला जागा आणि वेळ आधीच माहीत असते तोच इतक्या चपळाईनं पोचतो. केसानं गळा कापला आपला, आणि वर आईच्या पाया पडून रडला.

गणराजला पत्र टाकलंय. मी कुठं आहे तेही कळवलंय, आपलं म्हणून कुणीतरी एक माणूस पाहिजे ना. भिवाचं काय करायचं तेही लिहिलंय. दादाची बोटं गेली, मी भिवाचे हात मागितलेत. तू यात पडू नकोस. वकील आणि कोर्ट करत बसलीस तर आई मरेल आणि तारखा तशाच चालू राहतील.

तुझ्यावर राग नाही. फाइल तू केलीस म्हणून तर कळलं. दादा असता तर तुझी पाठ थोपटली असती त्यानं.

रवी


१४ डिसेंबर २०२४
मारुंजी

रव्या,

तुझं पत्र आमच्या सोसायटीच्या पेटीत पडून होतं. इथं ती पेटी कुणी उघडत नाही, सगळ्यांचं सगळं मोबाईलवर येतं. मी रोज तिच्यावरून लिफ्टकडे जात होते. आज भिवाला पोचवून आले, दारात पाय धुवायला थांबले, तेव्हा पाकिटाचा कोपरा दिसला. तिथंच उभ्यानं वाचलं. वॉचमननं मला खुर्ची आणून दिली.

भिवा मेला रव्या. तू जे मागितलंस ते तुला मिळालं. चाकणला टेम्पोच्या रांगेत टायरमध्ये हवा भरत बसला होता. दोन गाड्यांवरून पोरं आली, गणराजची, हे आज तुझ्या पत्रानं कळलं. एकानं लाथ घालून पाडला, दोघांनी त्याचे हात टेम्पोच्या फाळक्यावर धरले आणि मनगटावर कोयता घातला. एका घावात काम झालं नाही, म्हणून परत घातला. बाकीचे ड्रायव्हर पळाले. रक्त थांबेना. तीन दिवस तो दवाखान्यात होता. मी रोज गेले. शुद्धीवर आला की विचारायचा, "ताई, रविराजची काही खबर? त्याला म्हणावं सांभाळून राहा." मी काय बोलायचं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे आणि आता तो नाही.

भिवाच्या पत्नी शालनबाई मला बिलगून विचारत होत्या, "ताई, आमी कुनाचं काय वाकडं केलं व्हतं? तुमच्या दादाचं रगात सांडल्यापासून ह्यांनी टेम्पोतली ती जागा धुऊ दिली न्हाई. म्हनायचे, आधी दादाच्या घरच्यांना न्याव मिळू दे. ह्यांचे हात कुनाला नको झाले?" तुमच्याकडं शिकलेलं कुणीतरी आहे, तुम्ही शोधून काढा, असं म्हणाल्या मला. मी हो म्हणाले रे. तुझं पत्र तेव्हा पेटीत होतं.

आता नीट वाच. या वेळी अर्धं वाचू नकोस.

त्या फाइलीत एक जोडी एकदाच लिहितात. व्याह्यांची गळाभेट मुलीकडच्यांनी सांगितली काय आणि मुलाकडच्यांनी सांगितली काय, भेट एकच. भिवा आणि गणराज यांची रेघ भिवाच्या ओळीत आली की गणराजच्या ओळीत ती परत लिहायची नसते. फोन कुणी केला आणि कुणी घेतला, हे पण त्यात नसतं. म्हणून ज्याचं नाव आधी येतं त्याची ओळ भरते. जो शेवटी येतो त्याच्या सगळ्या रेघा वरच्यांच्या ओळींत जाऊन बसलेल्या असतात, आणि त्याची स्वतःची ओळ रिकामी दिसते. प्रोग्रॅम सगळ्या ओळी वाचून जाळं परत उभं करतो. तू दोनच ओळी वाचल्यास आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालास.

वरच्या पाचही ओळींच्या शेवटी कोण आहे ते बघ. गणराज. गणराज. गणराज. भिवाच्या रेघा पाच आणि गणराजच्याही पाच. दोघांत काडीचा फरक नव्हता. भिवाची ओळ भरलेली दिसली ती मी त्याचं नाव पहिलं टाकलं म्हणून. आणि ते पहिलं टाकलं, कारण आपल्या माणसांत तोच मला आधी आठवला. गणराज मला आठवला तो सगळ्यात शेवटी.

फरक आहे तो वेळेत, आणि ते काम माझं झालं होतं. तुला लिहायलाच बसणार होते. भिवानं स्वतः लावलेले सगळे फोन दादावर वार झाल्यानंतरचे आहेत. चौकात कुणीतरी ओरडलं म्हणून त्यानं दादाला लावला, तो टपरीवाल्यानं उचलला आणि म्हणाला, लवकर ये. मग बुद्धरत्नला रक्त द्यायला बोलावलं, दत्तोबाला पण. अण्णासाहेबाची अँब्युलन्स काट्याजवळ उभी असते, म्हणून त्याला लावला. हे मला त्यानंच खाटेवर पडल्या पडल्या सांगितलं. म्हणाला, "मी त्या माणसाचे पाय धरायला तयार होतो, ताई. गाडी पाठवा म्हणलं, माणूस मरतोय. तो हसला." तेव्हा त्यानं स्वतःचा टेम्पो काढला.

गणराजचे फोन सगळे आधीचे. भिवा, बुद्धरत्न, दत्तोबा, एकेकाला विचारत गेला, दादा आज कुठं आहेत म्हणून. बुद्धरत्न आणि दत्तोबा दोघांनी मला हेच सांगितलं. मग त्यानं दादालाच लावला. त्याच्या पाठोपाठ अण्णासाहेबाला. त्यानंतर गणराजचा फोन बंद. भिवा कोर्टात हे बोलणार होता. गणराजला तो नकोच होता आणि तू कागदावर लिहून दिलंस, त्याचे हात तोड म्हणून. चोराच्या हातात जामदारखान्याची किल्ली दिलीस.

मला तुझा इतका संताप येतोय की तू समोर असतास तर मी तुला चपलेनं मारलं असतं आणि मग रडले असते. पण तू माझा भाऊ आहेस, आणि गणराजला तुझा पत्ता माहीत आहे. तो येणार. मीच दुचाकी काढून आले असते, पण आईला एकटं सोडता येत नाही आणि फोन लावायला तिथं कुणाचा नंबर नाही. पोलिसांना मीच कळवलं असतं, पण ते दारात आले तर तू त्यांच्यावरही हात उचलशील याची भीती वाटते. पत्र मिळताच आत्याला घेऊन तिथून बाहेर पड आणि सरळ पोलीस ठाण्यात जाऊन बस. भिवाचंही सांग. हात उचलू नकोस. आपल्या घरानं आता पुरे रक्त पाहिलं, आणि शालनबाईंच्या घरानंही.

ताई


२७ डिसेंबर २०२४
कोठडीतून

ताई,

हे पत्र इथले साहेब वाचून मग पाठवणार. वाचू देत, लपवायचं काही उरलं नाही.

पोस्टमननं तुझं पाकीट आत्याच्या हातात दिलं तेव्हा गणराज अंगणात हातपाय धूत होता. सकाळीच आला होता. आत्या त्याच्यासाठी भाकरी थापत होती. मला मिठी मारून म्हणाला, "भावा, काम झालं. आता इथं राहू नको, मी गाडी आणलीय. फाट्यावर आपली पोरं थांबलीत, तुला लांब नेऊन ठेवतो." मी त्याला म्हणालो, जेवून निघू. मग कोठ्यात जाऊन तुझं पत्र वाचलं. पूर्ण वाचलं ताई. शेवटपर्यंत.

बाहेर आलो तेव्हा कुऱ्हाड माझ्या हातात होती. कधी घेतली ते आठवत नाही. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि शर्टाखालून कोयता काढला. म्हणजे तोही तयारीनंच जेवायला बसला होता. त्याचा वार माझ्या खांद्यात बसला, तेरा टाके आहेत. मी कुऱ्हाडीचा तुंबा, मागची बोथट बाजू, फिरवला आणि त्याचा उजवा हात कोपरात मोडला. हाड बाहेर आलं. दुसरा तुंबा छातीवर घातला. तो चुलीजवळ उताणा पडला, पिठाची परात त्याच्या अंगावर. मी त्याच्या पोटावर पाय दिला. तरी तो हसत होता. म्हणाला, "भिवाला मी मारला? खिशात बघ रव्या. तुझं अक्षर आहे. मी फक्त कोयतेवाला."

मी कुऱ्हाड फिरवून पातं खाली केलं आणि उचललं. तेव्हा त्यानं डावा हात वर केला. डोकं वाचवायला, पाची बोटं पसरून.

ताई, दादानं असाच केला असणार. भिवाचे तर धरूनच ठेवले होते, त्याला वर करायलाही मिळाले नाहीत. मी त्या बोटांकडं बघत राहिलो. पिठानं पांढरी झाली होती. माझ्यानं पातं खाली आणवेना. मला दया आली नाही, खोटं सांगत नाही. त्याची दया मला आजही येत नाही. पण ती बोटं परत तोडायची ताकद राहिली नाही.

कुऱ्हाड विहिरीत टाकली आणि त्याला कासऱ्यानं दावणीला बांधला. त्याच्या खिशात माझं पत्र होतं, घडी घालून जपलेलं. उद्या मला अडकवायला ठेवलं असणार. चूल पेटलेली होती. आत्या म्हणाली, "टाक बाळा आत, कुनाला कळायचं न्हाई." मी हातात धरून उभा राहिलो. ते जळालं असतं तर भिवा गणराजच्या एकट्याच्या नावावर गेला असता आणि मी त्यातून सुटलो असतो. तेवढ्या सुटकेसाठी आई देवळात जाऊन बसली असती. नाही टाकलं. मग त्याचाच मोबाईल घेतला आणि पोलिसांना लावला. स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. इतके दिवस रेघ पडू नये म्हणून लपलो होतो, आता पडू दे. फाट्यावरची पोरं जीप बघून पळाली. पत्र साहेबांच्या हातात मीच दिलं.

गणराज बोलायला लागलाय. अण्णासाहेबाला परवा घरातून उचलला म्हणे. दादाचा न्याय लागेल बहुतेक. माझाही लागेल, आणि तो लागावा.

आईला काय सांगायचं ते तू ठरव. शालनबाईंना मात्र खरंच सांग. हात कुणी मागितले ते सांग. त्या माझ्या तोंडावर थुंकायला आल्या तर मला बरंच वाटेल.

एक काम कर. ती फाइल परत लिही. तिच्यात मी नव्हतो, आता मला घाल. सगळ्यात वर माझं नाव टाक. माझ्यापुढं गणराज लिही आणि त्याच्यापुढं भिवा, आमची रेघ आहे. त्याच्या खाली गणराजला घे, मग अण्णासाहेब, मग दादा, मग बाकीचे. वकिलांना तीच छापून दे आणि एक कागद शालनबाईंकडं ठेव. भिवाला सगळ्यात शेवटी घाल ताई. त्याच्या सगळ्या रेघा आमच्या ओळींत येऊ देत आणि त्याची ओळ मोकळी राहू दे.

रवी